गिटार, आवाज आणि ऑर्केस्ट्रा: घरी रेकॉर्ड केलेल्या ॲकूस्टिक रॉक गाण्याची अरेंजमेंट आणि मिक्स

ॲकूस्टिक गिटारवर बांधलेल्या रॉक गाण्याला ऑर्केस्ट्रा जोडला की घरच्या मिक्समध्ये हमखास एकच तक्रार उरते: सगळं वाजतंय, पण नीट काहीच ऐकू येत नाही. मग ईक्यू (खालचे-वरचे ध्वनिपट्टे कमी-जास्त करणारं साधन), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं), नवं प्लगइन असा शोध सुरू होतो. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या आधीच घडून गेलेलं असतं. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ई२ (अक्षर म्हणजे सूर, आकडा म्हणजे सप्तक), म्हणजे ८२ हर्ट्झ. चेलोचा खालचा सूर सी२, म्हणजे ६५ हर्ट्झ. व्हायोलाचा सी३, म्हणजे १३१ हर्ट्झ. पुरुष गायकाचे मूळ सूर साधारण १०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान फिरतात. याचा अर्थ ओपन कॉर्ड वाजवणारी गिटार, चेलो, व्हायोला आणि गायक हे चौघं जेमतेम अडीच सप्तकांत दाटीवाटीने उभे असतात. ही दाटी फेडरने सुटत नाही. कोण कुठल्या सप्तकात आणि कधी वाजणार, हे सूर लिहितानाच ठरवावं लागतं.

कामाचा क्रम

आधी क्लिकवर (ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर) गिटार आणि आवाजाचा कच्चा टेक घ्या. लयीत बदल हवे असतील तर ते इथेच टेम्पो ट्रॅकमध्ये घाला. कोरसला लय १-२ बीपीएमने (मिनिटाला इतके ठोके) वाढवली तरी गाणं पुढे झेपावतं. हे नंतर करायला गेलात तर रेकॉर्ड केलेली गिटार ताणावी लागते, आणि ताणलेल्या गिटारचा पहिला बळी म्हणजे प्लेक्ट्रमचा टोकदार आवाज.

मग ऑर्केस्ट्राचा आराखडा साध्या पियानोच्या आवाजात वाजवून बघा. पियानोवर जे गढूळ वाटतं ते तंतुवाद्यांवर आणखी गढूळ होतं, त्यामुळे ही परीक्षा फार उपयोगी आहे. आराखडा पटला की पक्क्या गिटारी, त्यानंतर पक्का आवाज, आणि सर्वांत शेवटी ऑर्केस्ट्राचे बारकावे. हा क्रम उलटा करण्याचा मोह होतो, कारण सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) हाताशी असते आणि गायक नसतो. पण व्हायोलिनची उपधून गायकाच्या श्वासांच्या जागी बसवायची असते, आणि तो नेमका कुठे श्वास घेणार, कुठला शब्द लांबवणार, हे पक्क्या टेकशिवाय कळत नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा. सरासरी पातळी −१८ डीबीच्या आसपास आणि शिखरं −१० डीबीच्या आत राहिली की पुरे. २४ बिटमध्ये याहून जोरात रेकॉर्ड करून काहीही हाती लागत नाही. वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा (४८ किलोहर्ट्झला सुमारे २.७ मिलिसेकंद), मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ करा.

गिटार प्रत्येक टेकआधी ए = ४४० हर्ट्झला लावा आणि कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) बसवल्यावर पुन्हा तपासा. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. एकटी गिटार वाजत असताना ते लपून जातं. लायब्ररीतल्या चोख सुरातल्या व्हायोलिन आल्या की तोच फरक कानाला खुपतो, आणि दोष मात्र व्हायोलिनच्या माथी मारला जातो.

गिटार: कमी खोली, जास्त रुंदी

मायक्रोफोन १२व्या ते १४व्या फ्रेटसमोर, २०-३० सेंटिमीटरवर, तोंड थोडं साउंडहोलच्या दिशेने वळवून ठेवा. थेट साउंडहोलसमोर नको. पोकळीतल्या हवेचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि ती घुमी नंतर पूर्ण निघत नाही. दोन मायक्रोफोन वापरायचेच असतील तर ३:१ नियम पाळा: पहिला वाद्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर दुसरा पहिल्यापासून निदान ९० सेंटिमीटर दूर. या प्रकारच्या गाण्यात एकच मायक्रोफोन आणि दोन वेगळे टेक हा मार्ग चांगला. स्टिरिओत पसरलेला ऑर्केस्ट्रा असताना प्रत्येक गिटार मोनो असली की तिची जागा ठाम राहते.

डबल ट्रॅकिंग म्हणजे तोच भाग खरोखर दुसऱ्यांदा वाजवणं. एकाच टेकची प्रत डावी-उजवीकडे टाकली तर मिळतो फक्त मोठा मोनो. प्रत काही मिलिसेकंद सरकवली तर मोनोत कंगव्याच्या दातांसारखे पट्टे कापले जाऊन आवाज पोकळ होतो (कॉम्ब फिल्टरिंग).

दोन्ही टेक एकाच आकारात वाजवू नका. गाण्यात एएम (ए मायनर) – एफ – सी – जी ही कॉर्डमाला असेल तर डावी गिटार ओपन कॉर्डमध्ये वाजवा, आणि उजवी पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून ईएम – सी – जी – डी या आकारांत. कॉर्ड त्याच, पण उजव्या गिटारचा सर्वांत खालचा सूर आता ए२, म्हणजे ११० हर्ट्झ. दोन्ही मिळून रुंद, चमकदार पट्टा तयार होतो आणि खालची गर्दी निम्म्याने कमी होते. याहून पुढे जायचं असेल तर नॅशव्हिल ट्यूनिंग: जाड चार तारा काढून तिथे बारीक तारा लावायच्या आणि ई, ए, डी, जी एक सप्तक वर चढवायच्या. अशी गिटार मिक्समध्ये अगदी हळू ठेवली तरी स्ट्रमिंग स्पष्ट कळतं आणि चेलोला पूर्ण मोकळीक मिळते. १२-तारी गिटारच्या संचातल्या बारीक तारा यासाठी बरोबर लागू पडतात.

तंतुवाद्यांचे सूर कसे वाटावेत

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कीबोर्डवर दोन्ही हातांनी कॉर्ड दाबून ती 'स्ट्रिंग्ज' नावाच्या एका पॅचला देणं. चार-पाच सूर जवळजवळ, तेही मधल्या सप्तकात, म्हणजे नेमके गिटारवर. त्याऐवजी चार वेगळे भाग लिहा. वर दिलेल्या कॉर्डमालेसाठी, दर कॉर्डला एक बार धरून, कोरसचं एक चालणारं वाटप असं आहे:

पहिल्या व्हायोलिन: ए५, ए५, जी५, जी५
दुसऱ्या व्हायोलिन: सी५, सी५, सी५, बी४
व्हायोला: ई४, एफ४, ई४, डी४
चेलो: ए२, एफ२, सी३, जी२

प्रत्येक ओळ आडवी वाचून पाहा. वरच्या तिन्ही ओळींत कुठलाही भाग एका पायरीहून जास्त हलत नाही, म्हणून कॉर्ड बदलली तरी उडी जाणवत नाही. मग उभं वाचा. चेलो आणि व्हायोला यांच्यामध्ये, साधारण सी३ ते डी४पर्यंत, एकही सूर नाही. ती पोकळी मुद्दाम ठेवलेली आहे: तिथे गिटार आणि गायक राहतात. कॉर्डचा तिसरा सूरही (मूळ सूर सा धरला तर गांधार) खालच्या सप्तकात कुठे नाही. सी३च्या खाली तिसरा सूर मूळ सुराच्या शेजारी आला की दोघांचे उपस्वर एकमेकांना घासतात आणि आवाज चिखलासारखा होतो. खाली सप्तक किंवा पंचम एवढंच ठेवा, जवळचे सूर वर न्या.

गायिका असेल तर हिशोब बदलतो. ए३ ते डी५ हा पट्टा आता तिचा. अशा वेळी दुसऱ्या व्हायोलिन आणि व्हायोला सी४च्या आसपास लांब, स्थिर सुरांवर ठेवा, पहिल्या व्हायोलिन एकट्या वर, आणि गिटारचं भरगच्च स्ट्रमिंग कमी करून दोन-तीन तारांचं पिकिंग करा. सगळ्यांनाच आपली जागा टिकवता येत नाही, कुणीतरी हटायचंच.

हालचालीचा नियम सोपा आहे. गायक शब्द म्हणत असताना तंतुवाद्यं थांबलेली, गायकाने सूर धरला की ती हलतात. ओळीच्या शेवटच्या दोन मात्रा आणि पुढच्या ओळीआधीचा श्वास, एवढ्यात तीन-चार सुरांचं उत्तर बसतं. प्रत्येक ओळीला उत्तर देऊ नका. दर दुसऱ्या ओळीला दिलं तर श्रोता त्याची वाट बघतो.

गाण्याची चढण पानावर आखून घ्या. पहिलं कडवं गिटार आणि आवाज. दुसऱ्या कडव्यात फक्त एक चेलो. पहिल्या कोरसला तंतुवाद्यं, पण पहिल्या व्हायोलिन एक सप्तक खाली. वर दिलेलं ए५चं वाटप दुसऱ्या कोरससाठी राखा. ब्रिजमध्ये गिटार पूर्ण थांबवून तंतुवाद्यांचं पिझिकाटो (बोटांनी छेडलेले सूर) किंवा ट्रेमोलो (गजाची जलद थरथर). शेवटच्या कोरसला हॉर्न आणि टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे). फ्रेंच हॉर्न दोनच पुरेत, ए३-ई४ अशा उघड्या पंचमात लांब सूर. पण हे सूर त्या राखीव पोकळीत येतात, म्हणून तेव्हा गिटार फक्त वरच्या तारांवर हवी. टिंपनीला मूळ सूर किंवा पंचम द्या आणि किकच्या ठोक्यावर ती वाजवू नका. कोरसमध्ये शिरतानाचा एका बारचा रोल, हेच तिचं इथलं खरं काम.

सॅम्पलमध्ये जीव कसा येतो

बहुतेक लायब्ररींमध्ये लांब सुरांचा जोर व्हेलॉसिटीवर (कळ किती जोरात दाबली त्यावर) नसतो, सीसी१वर (मिडीचा कंट्रोलर क्रमांक १) म्हणजे मॉड व्हीलवर असतो. सीसी१ हळू वाजवलेल्या सॅम्पलकडून जोरात वाजवलेल्या सॅम्पलकडे नेतो, त्यामुळे आवाजाचा पोतही बदलतो. सीसी११ फक्त पातळी बदलतो. सीसी१ सरळ रेषेत पडून राहिला की ऑर्केस्ट्रा हार्मोनियमच्या धरलेल्या सुरासारखा सपाट वाजतो.

चार बार धरलेला एक सूर घ्या. सीसी१ ३५वर सुरू करा, तिसऱ्या बारच्या सुरुवातीपर्यंत ८०वर न्या, चौथ्या बारमध्ये ५५वर उतरवा. शेवटच्या दोन मात्रांत सीसी११ १२७वरून ९०पर्यंत खाली. हे माऊसने काढू नका, गाणं ऐकत व्हीलने रेकॉर्ड करा. हाताचा वेडावाकडेपणा इथे कामाचा आहे. पहिल्या व्हायोलिनचा वक्र कॉपी करून बाकीच्या भागांना देऊ नका. चारही भाग वेगवेगळे वाजवले की सुरू होण्यातला १०-२० मिलिसेकंदांचा फरक आपोआप येतो. क्वांटाइझ (सूर ठोक्यांच्या ग्रिडवर ओढणं) करायचंच तर ५०-६० टक्क्यांवर थांबा.

आता उशीर. लेगाटो (सूर जोडून वाजवण्याच्या) पॅचमध्ये गजाचा सरकता आवाज सॅम्पलमध्येच असतो, त्यामुळे सूर ग्रिडवर असूनही कानाला मागे वाटतो. १२० बीपीएमला सोळावा सूर १२५ मिलिसेकंदांचा असतो. लायब्ररीचा उशीर १०० मिलिसेकंद असेल तर चाल जवळजवळ एक सोळावा मागे पडली. उपाय म्हणजे ट्रॅकला ऋण डिले. एक सूर ऑडिओत उतरवा, ग्रिडरेषेपासून सुराचं शरीर किती दूर उभं राहतं ते वेव्हफॉर्मवर मोजा आणि तेवढे मिलिसेकंद वजा करा. स्पिकाटोचा (गज उडवत वाजवलेल्या तुटक सुरांचा) उशीर फार कमी असतो, म्हणून लेगाटो आणि स्पिकाटो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. एकाच ट्रॅकवर की-स्विचने (वादनाची पद्धत बदलणाऱ्या कळीने) दोन्ही वाजवले तर एक नेहमीच चुकीच्या जागी राहील.

ओळखीत एखादा व्हायोलिनवादक असेल तर त्याच्याकडून फक्त पहिल्या व्हायोलिनची ओळ तीनदा वाजवून घ्या, मायक्रोफोन वाद्याच्या वर ६० सेंटिमीटर ते १ मीटरवर, आणि प्रत्येक टेकला बसण्याची जागा थोडी बदलून. हे तीन टेक सॅम्पलच्या खाली ६ ते १० डीबीने ठेवले तरी सगळा विभाग खरा वाटू लागतो. कानाला गजाची खरखर आणि सुरातली किंचित हालचाल मिळाली की बाकीचं तो मान्य करतो. सगळ्या प्लगइनांहून हा उपाय मोलाचा आहे.

हे झाल्यावर प्रत्येक भाग वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर उतरवा आणि मिडी बंद करा. मिक्स करताना सूर बदलण्याचा मोह त्यामुळे सुटतो, संगणकाची मेमरीही मोकळी होते.

मिक्स: आधी पातळ्या आणि पॅन (डावी-उजवी जागा)

सहा बस (एकत्र हाताळायचे ट्रॅकचे गट) करा: ताल, बास, गिटार, तंतुवाद्यं, ब्रास व टिंपनी, आवाज. कुठलंही प्लगइन न लावता शेवटचा कोरस लूपवर टाका आणि फक्त फेडरने संतुलन साधा. आवाज आणि गिटार आधी, मग बास आणि ताल, शेवटी तंतुवाद्यं शून्यापासून वर, 'आली' असं जाणवेपर्यंत. त्यानंतर १-२ डीबी खाली घ्या. इथे गाणं उभं राहत नसेल तर मागे, सुरांकडे जा.

ऑर्केस्ट्राची एक रूढ बैठक श्रोत्याच्या बाजूने अशी: पहिल्या व्हायोलिन डावीकडे, दुसऱ्या मध्य-डावीकडे, व्हायोला मध्य-उजवीकडे, चेलो आणि डबल बास उजवीकडे. अनेक लायब्ररी त्या जागांवर बसवूनच रेकॉर्ड केलेल्या असतात. त्यांना पुन्हा पॅन केलं तर सभागृहाची एक बाजू कापली जाते. जागा बदलायचीच असेल तर साध्या बॅलन्सऐवजी दोन्ही चॅनल स्वतंत्र हलवणारा स्टिरिओ पॅन वापरा. रॉक गाण्यात एक अपवाद मात्र करा: डबल बास मध्यभागी, १२० हर्ट्झच्या खाली मोनो. बास गिटार आधीच मध्यात असताना खालचा जोर उजवीकडे झुकला तर स्पीकरवर गाणं तिरकं वाटतं.

ईक्यू: थोडं, पण भागानुसार

पहिल्या कडव्यातल्या एकट्या गिटारला ७०-८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) पुरे. तीच गिटार कोरसमध्ये १५०, कधी २०० हर्ट्झपर्यंत कापली तरी चालते, कारण खालची जागा बास आणि चेलोने घेतलेली असते. कडवं आणि कोरस यांच्या गिटारी वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे एकाच सेटिंगची तडजोड करावी लागत नाही. सोलो करून (एकटाच ट्रॅक) ऐकाल तर कोरसची गिटार पातळ वाटेल; सोलो बंद ठेवा.

तंतुवाद्यांच्या बसवर २५०-४०० हर्ट्झदरम्यान २-३ डीबी रुंद कपात बहुधा लागते, कारण प्रत्येक सॅम्पलसोबत सभागृहाची घुमही आलेली असते आणि चार भागांची घूम एकत्र साचते. ३ किलोहर्ट्झच्या आसपासची कर्कशता व्हायोलिनच्या ट्रॅकवरच उतरवा, बसवर नको. आवाजाची स्पष्टता २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. तिथे तंतुवाद्यांच्या बसवर डायनॅमिक ईक्यू लावून त्याची साइडचेन आवाजाला द्या, म्हणजे गायक गातानाच तो पट्टा दबेल, जास्तीत जास्त २-३ डीबी. गायक थांबला की व्हायोलिन आपोआप उजळतात.

तंतुवाद्यांवर कॉम्प्रेसर जपून. २:१, अटॅक ३० मिलिसेकंदांहून हळू, २ डीबीपर्यंतच. सीसी१ने घडवलेले चढउतार कॉम्प्रेसरने सपाट करण्यात काही अर्थ नाही. कमी-जास्त हवं तिथे ऑटोमेशन (वेळेनुसार फेडर आपोआप हलवणं) करा.

कोरडी खोली आणि मोठं सभागृह

घरच्या मिक्सचं घरगुतीपण सर्वांत जास्त इथे उघडं पडतं. गिटार आणि आवाज छोट्या खोलीतले, कोरडे, व्हायोलिन सभागृहातल्या. दोन वेगळी गाणी एकावर एक वाजल्यासारखी वाटतात. लायब्ररीत मायक्रोफोनचे पर्याय असतील तर आधी दूरचे मायक्रोफोन कमी करून जवळचे वाढवा, म्हणजे ऑर्केस्ट्रा गिटारकडे सरकतो. मग गिटार आणि आवाज ऑर्केस्ट्राकडे न्या.

दोन रिव्हर्ब (कृत्रिम घूम) सेंडवर (प्रत्येक ट्रॅकचा हवा तेवढा भाग तिकडे पाठवणाऱ्या वाटेवर) ठेवा. पहिला छोटी खोली, ०.५ ते ०.८ सेकंद, यात गिटार, ताल, आवाज. दुसरा सभागृह, १.८ ते २.४ सेकंद, यात सगळे, पण आधीच ओल्या (घुमीसकट) असलेल्या तंतुवाद्यांचा सेंड सर्वांत कमी. प्री-डिलेने (थेट आवाज आणि रिव्हर्ब यांच्यामधल्या वेळेने) अंतर ठरतं: जवळच्या माणसाचा थेट आवाज परावर्तनांच्या बराच आधी पोचतो, म्हणून गायकाला ३०-४० मिलिसेकंद, गिटारला २०, हॉर्नला जवळजवळ शून्य. प्रत्येकाला वेगळा प्री-डिले देण्यासाठी सेंड आणि रिव्हर्बच्या मध्ये १०० टक्के ओला साधा डिले टाकता येतो. रिव्हर्बच्या परतीवर २५० हर्ट्झचा हाय-पास आणि ७-८ किलोहर्ट्झचा लो-पास लावा. हे टाळलं तर कोरसच्या चौथ्या बारपर्यंत खाली धुकं साचतं.

आवाज

आवाजावर एका कॉम्प्रेसरने १० डीबी दाबण्यापेक्षा दोघांकडून थोडं थोडं काम घ्या: पहिला जलद, ४:१, फक्त शिखरांवर ३ डीबी, दुसरा हळू, २:१, २-३ डीबी. त्याआधी क्लिप गेनने (रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचीच पातळी बदलून) प्रत्येक ओळ सारखी करून घ्या. डी-एसर (बोचरे ऊष्म वर्ण दाबणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, 'स' आणि 'श' बोचतात तिथे. शेवटी शब्दागणिक फेडर ऑटोमेशन. ओळीचा शेवटचा शब्द तंतुवाद्यांखाली जातो, तिथे १-१.५ डीबी वर घ्या.

तपासणी आणि निर्यात

स्पीकर आणि तुमचं डोकं समभुज त्रिकोणात ठेवा. फार हळू आवाजात, अगदी बोलण्याच्या पातळीखाली ऐका: शब्द आणि लय कळली तर संतुलन बरोबर आहे. मग मोनो. मोनोत गिटारी गायब झाल्या तर फेज तपासा. तंतुवाद्यं पोकळ झाली तर स्टिरिओ वाढवणारं प्लगइन काढून टाका.

मास्टरवर १.५:१ कॉम्प्रेशन, १-२ डीबी, आणि लिमिटर (ठरलेल्या पातळीवर शिखरं अडवणारा) −१ डीबी ट्रू पीकला. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणं सुमारे −१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणतात, ॲपल म्युझिक −१६च्या आसपास. कडवं आणि कोरस यांत ४-६ डीबींचा फरक शिल्लक ठेवा. लिमिटरने तो खाल्ला की शेवटच्या कोरसला आलेले हॉर्न मोठे न वाटता नुसते कोंबलेले वाटतात.

निर्यात २४ बिट वेव्हमध्ये करा. १६ बिट मागितलं असेल तरच डिदर (बिट कमी करताना होणारी विकृती झाकणारी हलकी खरखर) लावा, तेही एकदाच आणि सर्वांत शेवटी. शेवटच्या सुरानंतर रिव्हर्ब पूर्ण विरेपर्यंत ४-५ सेकंद निवडीत घ्या. त्याच वेळी सहाही बसचे स्टेम (प्रत्येक गटाची वेगळी ऑडिओ फाइल) आणि आवाजाशिवायचं मिक्स, सगळं एकाच सुरुवातीच्या बिंदूपासून, वेगळं उतरवून ठेवा, म्हणजे सॅम्पल लायब्ररी अपडेट झाली किंवा संगणक बदलला तरी गाणं पुन्हा उघडता येईल.